हातानं घातलेलं नाव

कोणाला बोल लावायच्या आधी हे सांगून टाकते. त्या निवडणुकीच्या सभेत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या मी, वत्सलाबाईनं. आप्पाराव मंचावरून वरडले, "जुन्या सरकारनं मागल्या दारानं, हातानं घातलेलं एकेक नाव उपटून काढू! मशीन खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो!" आन् मी खुर्चीवर हुबी राहून टाळ्या पिटल्या. शेजारची म्हनली, आगं पडशील. म्हनलं, पडू दे. मला काय ठावं, उपटायच्या नावांत आमच्या दिपालीचं नाव हाय म्हनून!

दिपाली म्हंजी माझ्या धाकल्या जावेची, रोहिणीची पोरगी. माझ्या पोटाला लेकरू न्हाई. मालक बारा वर्सांमागं ऊसाच्या फडावर ट्राली उलटून गेले, तवापासून मी कोयता हातात धरला न्हाई. दीर शहादेव आन् रोहिणी मातर दरसाल दसरा झाला की टोळीसंगं ऊस तोडाया जातेत, कधी कर्नाटकात, कधी कोल्हापूरकडं, ते उन्हाळ्यात माघारी. सहा म्हैने ते तिकडं आन् दिपाली माझ्यापाशी. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा गोवर मी काढला. मला ती मोठी आई म्हनती.

आमच्या धारूरच्या डोंगराखालच्या गावांत एक रीत हाय. टोळी गेली की मागं राहिलेल्यानं गेलेल्याचं समदं बगायचं. रोहिणीच्या घराची किल्ली माझ्या कंबरंला. शाळेत पालकांची बैठक असली की रोहिणीच्या नावापुढं अंगठा माझा. सप्त्याचा काला असला की मी दोनदा हात पुढं करते, एकदा माझ्या नावानं, एकदा तिच्या. म्हाराज कधी इचारत न्हाईत की हा दुसरा हात कोणाचा. इचारायचंच कशाला? समद्या गावाला ठावं असतं.

तर दोन वर्सांमागं कार्तिकात, जुन्या सरकारच्या काळात, गावात ते मशीन आलं. एआय म्हंत्यात त्याला. एक कॅमेरा, एक लॅपटॉप, आन् देवळात दोन दिवसांचं शिबिर. दवंडी दिली की ज्याचं तोंड मशीनमधी न्हाई त्याला इथून पुढं कोणतीच योजना न्हाई. आता कार्तिकात आमच्या गावात असतंय कोन? म्हातारी, लेकरं आन् कुत्री. आर्धं गाव फडात. सरकारला एवढं बी कळू नये, म्हंजी काय म्हनावं? ज्यांनी दवंडी दिली तेच हळूच म्हनले, घरातलं कोनी बी बसवा, नाव तर राहील.

सकाळच्याला मी माझ्या नावानं बसले. मोकळं कपाळ, डोक्यावर पदर. दुपारी घरी गेले, रोहिणीची हिरवी साडी नेसले. मंग आरशापुढं हुबी राहिले. आरशाच्या कडंला रोहिणीनं वापरलेल्या टिकल्या चिकटवलेल्या व्हत्या, बायका चिकटवतेत तशा. त्यातली एक काढली. धा वर्सं व्हऊन गेलती कपाळाला काही लावून. ती कपाळाला दाबली. दिपाली दारात हुबी व्हती, पंधरा वर्सांची. म्हनली, "मोठी आई, तू लई चांगली दिसतीस." मी तिला म्हनलं, गप, मुडद्या. आन् पदर तोंडावर वढून देवळात गेले. रोहिणी शहादेव म्हनून बसले. कॅमेरावाल्यानं वर मान करून बगितलं बी न्हाई.

आता यात लबाडी काय केली सांगा. कोनाचं लुटलं? जावेची जागा राखली, जशी दरसाल राखते.

पुढल्या वर्सी दिपाली दहावीला ब्याऐंशी टक्क्यानं पास झाली. गावात शाळा दहावीपतूरच. बीडला ऊसतोड्यांच्या पोरींसाठी वसतिगृह हाय, तिथं नंबर लागला तर सायन्सला कॉलेज. नंबर लागला न्हाई तर काय, ते आमच्या भितीला टांगलंय, दोन कोयते. रोहिणी पंधराव्या वर्सी लगीन व्हऊन फडात गेली. पहिल्या सालीच तिच्या डोक्यावरच्या मोळीचं वझं मी बगितलंय. दिपालीला नर्स व्हायचंय. ती शिकली तर ठीक, न्हाई तर दसऱ्याला टोळीसंगं. मधी तिसरी वाट न्हाई.

अर्ज भरला आन् मशीन बोंबललं. "एक चेहरा, दोन नावे." रोहिणी आन् मी, दोघीत एक खोटी. पर जुन्या सरकारनं मशीन आणतानी एक नेम बी केलता. मशीननं नाव कापलं तर लगेच कापायचं न्हाई, आधी मानसानं ऐकून घ्यायचं. तालुक्याला सुनावणी व्हती. आसाराम सायेब म्हनून एक रिटायर मास्तर बसायचे. दोघीला समोर बसवलं, समदं ऐकलं आन् हसता हसता त्यांचा चहा बशीत सांडला.

"बाई, तुमी आजपतूर कोनाकोनाच्या जागी बसल्यात?"

म्हनलं, "सायेब, सरपंचाची खुर्ची तेवढी राहिली."

रागावले बी. म्हनले, परत असं करू नका. मंग कागदावर लिवलं की दोघी बाया खऱ्या हायत, तोंडाची अदलाबदल शिबिरात झाली. सही केली, मशीनमधी हातानं दिपालीचं नाव घातलं. रोहिणीचा खरा फटू पुढच्या वर्सी घेऊ म्हनले, तवर माझी सही पुरंल. आन् पुरली. दिपाली अकरावी बीडला शिकली.

मंग मी त्या हातानं घालण्याला कावून शिव्या देत व्हते, असं कोनी बी इचारील. त्याचं असं झालं. वसतिगृहात दिपालीच्या खोलीत एक पोरगी आली, जिच्या बापाच्या दारात तीन जीपा. जुन्या सरकारच्या पुढाऱ्याचा सख्खा मेव्हणा तो. ऊस त्यानं फकस्त रसवंतीत बगितलेला. मशीननं तिला कापलंतं, पर पुढाऱ्याच्या फोनवर तिचं नाव हातानं आत आलं. आन् आमच्या वाडीच्या आसराबाईची पोरगी, जिची माय खरीखुरी तोडकरीन, ती राहिली भाईर. माझं डोकंच फिरलं. तवा आप्पाराव आले, म्हनले आमचं सरकार येऊ द्या, मशीनमधी मानसाचा हात शिरू देनार न्हाई. म्हनलं, असाच मानूस पायजे. मतदानाच्या दिवशी मी एकलीनं अकरा बाया बूथवर नेल्या. एक तर बाळंतीन व्हती.

सरकार आलं. मी गुळ वाटला.

आन् जूनमधी, वसतिगृहाची बारावीची यादी लागली तवा दिपालीनं फोन उघडला आन् नुसती बगतच राहिली. मी म्हनलं, काय गं, वाच की. शेवटाला तिनं वाचलं : "मानवी हस्तक्षेपाने समाविष्ट केलेली सर्व नावे रद्द. सुनावणी बंद." खाली तिचं नाव. माझ्या हातातली परात खाली पडली, पीठ अंगणभर. मला आधी समजलंच न्हाई. मी म्हनलं, हे तर त्या जीपवाल्याच्या पोरीसाठी व्हतं!

ती जीपवाल्याची पोरगी, तुमाला सांगते, तिचं काहीच अडलं न्हाई. तिच्या बापानं बीडात खोली करून दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हंत्यात ती ही.

मी तडक आप्पारावांकडं गेले. मानसं व्हती, हारतुरे व्हते. मला बगून म्हनले, "या वत्सलाबाई, तुमच्यासारख्या बायांनी सरकार आणलं." मी समदं सांगितलं. ते बी जरा गार पडले, खोटं कावून बोलू. कपाळाला हात लावून बसले. मंग म्हनले, "पर बाई, तुमच्या पोरीचं नाव हातानंच घातलेलं व्हतं ना?"

"व्हय."

"मंग मी काय करू? मीच सभेत बोललो, तुमीच टाळ्या वाजवल्या. आता एक नाव हातानं घातलं तर हजार जन येतील."

"आवो, पर आमचं खरं हाय!"

"त्ये मला ठावं हाय. पर इचारायला आता कोनी बसतच न्हाई तिथं."

मी पायऱ्या उतरले. आसाराम सायेबांच्या घरी बी गेले. ते वसरीवर पेपर वाचत बसले व्हते. म्हनले, माझी सही आता रद्दीच्या कागदावर बी चालत न्हाई. त्यांच्या डोळ्यात पानी आलं आन् मला तिथं थांबवंना.

यादी बंद व्हायला दोन दिवस राहिले व्हते. मी, रोहिणी आन् दिपाली, तिघी काळीपिवळीत बसून तालुक्याला गेलो. तिथं प्रविण म्हनून आमच्या वळखीचा मानूस केंद्र चालवतो, मशीन त्याच्यापाशी. शहादेव पेरणीवर व्हता. रोहिणी वाटंनं एकच बोलत व्हती, "मीच सोता गेल्यावर काय अडचन राहती? माझं तोंड, माझी पोरगी." मला बी तसंच वाटलं.

प्रविणनं रोहिणीला कॅमेऱ्यापुढं बसवलं. पडद्यावर लाल चौकोन आला. "ओळख पटली नाही."

"वहिनी, हनुवटी वर करा जरा."

परत लाल. तिसऱ्या डावाला बी लाल. रोहिणी म्हनली, "आवो दादा, मीच रोहिणी हाय."

"मला ठावं हाय वो. याला न्हाई ठावं. आन् फटू बदलायचं काम सुनावणीचं, ती तर बंद."

रोहिणी माझ्याकडं वळली. "जाऊबाई, सांगा की याला." जसं ते मशीन कोनाचं लेकरू हाय आन् माझं ऐकील.

प्रविण म्हनला, "मावशी, तुमी बसून बगा."

मी बसले. चौकोन पिवळा झाला. प्रविणनं वाचलं, "एकोणऐंशी टक्के. पंच्याऐंशी लागतेत." त्यानं जुना फटू उघडून बगितला, मंग माझ्याकडं बगितलं, आन् मान खाली घालून बोलला, "ह्यात तुमच्या कपाळाला टिकली हाय."

मंग रोहिणीनं सोताच्या कपाळावरची टिकली नखानं काढली आन् माझ्या कपाळाला लावली. जित्या नवऱ्याची बायको ती, तिचं कपाळ मोकळं झालं, आन् मी रांडमुंड, माझ्या कपाळाला टिकली. मी म्हनलं, बया बया, हे काय बगायचं आलं!

चौकोन हिरवा झाला. "रोहिणी शहादेव. ओळख पटली."

रोहिणी त्या अक्षरांकडं बगत राहिली. तिला वाचता येतं, दिपालीनंच शिकवलंय. तिनं ते वाचलं आन् तिथंच फरशीवर बसली.

मला वाटलं झालं एकदाचं. पर लगेच दुसरी पट्टी आली. एक तोंड दोन नावांवर चालनार न्हाई, एक नाव बंद करा. म्हंजी वत्सला न्हाई तर रोहिणी. रोहिणी बंद केली तर दिपालीला मायच राहत न्हाई, अर्ज गेला. प्रविणनं बंद करायची कारणं उघडली. तो म्हनला, "दुबार म्हनलं तर दोन्ही नावं चौकशीला जातेत, तीन म्हैने. स्थलांतर म्हनलं तरी चौकशी. नुस्तं मयत म्हनलं तर लगेच बंद व्हतं."

"आन् माझं काय काय बंद व्हनार?"

"निराधारचा पगार. रेशन. दवाखान्याचं कार्ड. तुमच्या नावाचं समदं, मावशी."

"परत चालू करता यील का?"

"आधी आलं असतं. सुनावणीत."

मी म्हनलं, "मार मला."

रोहिणी उठून हुबी राहिली. "न्हाई! जित्या मानसाला मारायचं का काय? शेन घाला त्या मशीनवर. मी दोघीचा ऊस तोडीन, पर हे न्हाई." आन् दिपाली, ती कार्टी, ती रडत म्हनली, "मला न्हाई जायचं कॉलेजला. मी येते फडात."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. जोरात. आयुष्यात पहिल्यांदा. म्हनलं, "फडात जायचं नाव काढलंस तर जीभ हासडीन. वझं बगितलंयस का कधी? जा, तिकडं बस."

प्रविण कीबोर्डवरून हात काढून मागं सरकला. "मावशी, हे बटन मी दाबनार न्हाई. मला बी माय हाय." मंग मीच बोट पुढं केलं. त्यानं दाखवलं कुठं दाबायचं. दाबलं.

मशीननं इचारलं, मयताची खबर देनारा कोन? घरातल्या सज्ञान बाईचं तोंड लागतं म्हने. रोहिणी पुढं झाली. लाल. ती तर त्याच्या लेखी कोनीच न्हवती. त्याच्या लेखी आमच्या घरात सज्ञान बाई एकच, आन् ती मी. तवा मीच कॅमेऱ्यापुढं बसले, टिकली नीट दाबली, आन् माझी जाऊ वत्सला मेली ही खबर मीच दिली. नातं : जाऊ. हिरवा चौकोन आला, पहिल्या झटक्याला. मला हसूच फुटलं. हसता हसता कधी रडाया लागले ते मलाच कळलं न्हाई.

दिपालीचा फोन टिंग वाजला. तिनं वाचून दाखवलं न्हाई, मी हिसकून प्रविणला वाचाया दिला. "कै. वत्सलाबाई यांच्या निधनाबद्दल शासन आपल्या दुःखात सहभागी आहे." खाली लगेच दुसरा : "वसतिगृह प्रवेश मंजूर."

चौथ्या दिवशी तिला बीडला सोडाया निघालो. निघायच्या आधी मी रोहिणीला टिकली वापस दिली. ती म्हनली, राहू द्या, तिथं परत तोंड मागतील. शहादेवला आमी काही सांगितलं न्हवतं. त्यो मातर सारखा माझ्या कपाळाकडं बगत व्हता आन् बगून मान वळवत व्हता. त्याच्या वहिनीची त्याचीच बायको म्हनून नोंद झालीय, हे कोनत्या तोंडानं सांगायचं? गावात काय बोलतील ते अजून पुढंच हाय.

तालुक्याच्या चौकात आप्पारावांचा मोठा फ्लेक्स लागलता. हात जोडलेले, हसरं तोंड. "चारशे बारा बोगस नावे हटवली! शब्द दिला, शब्द पाळला!" दिपालीनं वाचला. मी म्हनलं, त्यात मी धरली का न्हाई काय की. गाडीतल्या कोनाला समजलं न्हाई मी काय म्हनते.

वसतिगृहाच्या फाटकाला एक खांब हाय, त्यात कॅमेरा. पेटी खाली ठेवली. गार्डानं इचारलं, पालक कोन? मी पुढं झाले. हिरवं झालं, फाटक उघडलं. दिपालीनं माझा हात धरला, लई घट्ट. गार्ड म्हनला, "पोरी, ही कोन तुझी?" आन् तिनं, जी मला जन्मभर मोठी आई म्हनत आली, एकदा मागं बगितलं, आन् हळूच म्हनली, "आई."

मला इतकी वर्सं ऐकायचं व्हतं ते. खोटं कशाला बोलू, रात रात ऐकायचं व्हतं. पर असं न्हाई वो. असं न्हाई.

रोहिणी मागं पेटीचं कडं धरून हुबी व्हती. तिनं आत यायला पाय टाकला, खांबावर लाल झालं. गार्डानं काठी आडवी धरली. "बाई, तुमी कोन?"

रोहिणीनं माझ्याकडं बगितलं. मंग पोरीकडं. तिच्या कपाळाला काहीच न्हवतं. तिनं पेटीचं कडं सोडलं, पदर सावरला.

"मी तिची मोठी आई," म्हनली.

गार्डानं पेटी आत घेतली आन् तिला भाईरच्या बाकड्यावर बसाया सांगितलं.